रविवारी पाळणा हाय

आता काय झालं ते सांगतो, पण मधे कुणी बोलायचं नाही. मधे थांबलो की पुढचं सांगायची हिंमत होत नाही माझी. माणूस गाढवपणा करतो, मान्य. पण निदान एकट्यानं करतो! मी टेम्पोभर बायका घेऊन गेलो होतो.

तर सोपान. माझा वडगाव रासाईचा शाळासोबती. नदीपलीकडे, केडगाव-चौफुल्याच्या बाजूला हायवेला लागून एक बाग निघाली, आनंदबाग. झाडंबिडं नावालाच. आकाशपाळणा, आरसेमहाल, छोटी आगगाडी, भेळेच्या गाड्या, असला सगळा थाट. आमच्या भागातल्या पोरांची एक सहल चुकली नाही तिथली. सोपान तिथं पाळण्यावर लागला आणि लग्न करून केडगावातच राहिला. इंजिनाचा खटका त्याच्या हातात. आमच्या दृष्टीनं तो कलेक्टरच!

पुढं मालकानं पाणी आणलं. घसरगुंड्या, लाटांचा हौद, चड्ड्या भाड्यानं. आणि तिथून आमचं भांडण सुरू झालं. बागेचा खरा काळ कुठला? वर्षानुवर्षं भांडलो. लग्नात भांडलो, जयंतीच्या मिरवणुकीत भांडलो, एकदा मयताला गेलो तर सरणाशेजारी हळू आवाजात भांडलो.

"पयला काळ त्यो पयला काळ," मी म्हणायचो. "पाळण्याला पार गेटापतुर रांग! पाणी आलं आन् बागेची रया गेली."

"पाण्याचाच काळ खरा," सोपान म्हणायचा.

"आरं, तू पाळणेवाला! पाण्यानं तुझी पब्लिक पळवली!"

"पळवू दे."

"मंग चांगला का, ते सांग की!"

"चांगला म्हंजी चांगला."

आता अशा माणसाशी काय बोलणार? मी त्याला हेकट म्हणायचो. तो हसायचा.

एक गोष्ट मात्र आम्ही कधी बोललो नाही. सोपान आणि सुमनवहिनींना मूल नव्हतं. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती. दौंडचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले, कुणी सांगितलं म्हणून झाडपाला झाला. लोक विचारून विचारून थकले नाहीत, ती दोघं मात्र थकली. वहिनींनी तर लग्नाकार्याला जायचंच सोडलं होतं.

हे ध्यानात ठेवा आणि आता माझं ऐका.

मी तेव्हा कारेगावला कंपनीत होतो. आठवडाभर खोलीवर, सुट्टीला गावी. मोबाईल तेव्हा साहेबाच्या कमरेला असायचा. आमचे निरोप गेटवरच्या फोनवर यायचे. एका शुक्रवारी शिफ्ट सुटली आणि गेटवरच्या पांडेजींनी हाक मारली.

"बबनभाऊ, केडगाव से फोन था. सोपान. बोला, संडे को पाळणा है. वहिनी को लेके आना."

मी जागच्या जागी उभा. पाळणा?

आमच्याकडे बारशाला बारसं कोण म्हणतं हो? पाळणाच म्हणतात. बाळाला पाळण्यात घालायचं, बायकांनी गाणं म्हणायचं, घुगऱ्या वाटायच्या.

"और क्या बोला, पांडेजी?"

"और कुछ नहीं. रो रहा था."

रडणारच की! एवढ्या वर्षांनी पाळणा हलतोय, माणूस काय शिट्ट्या मारील? माझेच डोळे भरून आले. उलट फोन करून विचारावं, एवढं साधं सुचलं नाही. पेढे मात्र सुचले. पांडेजींना दोन दिले, बिचाऱ्यांनी कशाचे ते न विचारता खाल्ले.

घरी गेलो तर आमची मंगल चुलीपाशी. बातमी ऐकून तिनं कालथा खाली ठेवला.

"सुमनताईला दिवस गेलेलं कवा कळलं न्हाई आपल्याला?"

"दृष्ट लागंल म्हणून झाकलं आसंल."

"पार पाळण्यापतुर झाकलं?"

"आगं, इतक्या वर्सांनी झालंय! मी आसतो तर शाळेत घालंस्तवर झाकलं आसतं!"

"एकदा फोन तरी लावा."

"त्यो रडत हुता, मंगल. रडणाऱ्या माणसाला काय उलटतपासणी घ्यायची?"

ती गप्प बसली. ती गप्प बसली की माझं चुकलेलं असतं, हा आमच्या संसाराचा नियम. पण त्या दिवशी मी हवेत होतो. रात्र व्हायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं. कुणी कुंची शिवायला घेतली, कुणी झबलं. मी न्हावऱ्याला जाऊन चांदीचे वाळे आणले, खुळखुळा आणला. आणि आमच्या कौसाकाकी! जयंतीला पाळणा म्हणावा तर काकींनीच, पंचक्रोशीत तसा गळा नाही. त्या म्हणाल्या, "सोपानच्या लेकराला मी न्हाई म्हणायचं तर कुणी?" काकी निघाल्या म्हटल्यावर सगळ्याच निघाल्या. म्हणून टेम्पो.

रविवारी पारगावच्या पुलावरून जाताना बायकांनी गळा साफ करून घेतला. मी ड्रायव्हरशेजारी, मांडीवर पेढ्यांचा खोका. इतका आनंदात मी स्वतःच्या लग्नातही नव्हतो.

केडगावात सोपानच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "दोघंबी बागंत गेल्यात. पाळण्याचं हाय न्हवं आज."

ऐकलंत? तीही पाळणाच म्हणाली! माझी काय चूक?

"बागंत ठेवलाय व्हय!" मी टेम्पोकडे वळून ओरडलो. "मालकानं जागा दिली आसंल! बघा, मानाचा माणूस हाय आपला सोपान!"

मंगल माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला आजही आठवतं.

बागेचं गेट सताड उघडं. तिकिटाच्या खिडकीत कुणी नाही, टेम्पो सरळ आत घेतला. हौद कोरडा, तळाला पाला. गेली दोन वर्षं बाग बंद पडणार, बंद पडणार अशी कुजबुज होती, म्हणूनच माझा त्या कुजबुजीवरचा विश्वास उडाला होता. मला वाटलं, कार्यक्रमासाठी आज सुट्टी दिलीय.

पाळण्यापाशी सोपान पाठमोरा उभा. वरती दोन माणसं गॅसकटर घेऊन चढलेली. ठिणग्या उडतायत, कानठळ्या बसतायत. मी धावत जाऊन त्याला मागून मिठी मारली. तो वळला. डोळे सुजलेले.

"आलास? बरं झालं," तो म्हणाला.

"कुठाय रं?" मी कटरच्या आवाजावर ओरडलो.

"ह्यो काय. निम्मा खाली घेतला."

"कुणावर गेलंय?"

"आँ?"

"कुणावर गेलंय म्हनलं!"

"किलोवर गेलंय! भंगारवाल्याला!"

मला शेवटचं ऐकू आलं नाही. माझ्या कानात फक्त किलो शिरला.

"किती किलोचं हाय?"

"किलोचं कुठलं, टनात हाय!"

मी खदखदून हसलो. बापाला आपलं लेकरू जडच वाटतं! हसत हसत वर खुळखुळा वाजवला आणि टेम्पोकडे बघून हाताची खूण केली. तेवढ्यात कौसाकाकींनी पाळण्याची पहिली ओळ उचलली, मागून सगळ्या बायकांनी धरली, आणि नेमका त्याच वेळी कटर बंद पडला.

मग मला सुमनवहिनी दिसल्या. पाळण्याची माणसं बसायची एक पेटी खाली उतरवली होती, तिच्या कडेला बसल्या होत्या. त्या मंगलच्या हातातल्या कुंचीकडे बघत होत्या.

गाणं विझलं. माझ्या हातातला खुळखुळा तेवढा थोडा वेळ वाजत राहिला, मग मी तो खिशात कोंबला.

"कुणासाठी, भावजी?" वहिनींनी विचारलं.

काय सांगणार? तुम्ही सांगा, काय सांगणार? धरणी दुभंगून पोटात घे म्हणतात ना, मी तसली विनवणी खरोखर केली. मनातल्या मनात. धरणीनं ऐकलं नाही.

सोपाननं कुंचीकडे पाहिलं, पेढ्यांकडे पाहिलं, आणि त्याला हळूहळू उमगलं. "आरं बबन्या," तो म्हणाला, "पाळणा उतरवणार हायेत म्हनलं हुतं मी फोनवर. शेवटचा बघून जा म्हनलं." मारला असता तर बरं वाटलं असतं. तो मारायचं सोडून माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागला.

मी वहिनींचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"उठा. तुम्हाला एक म्हाईत हाय का?" त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं काळावरनं भांडायचा. ह्येंनी तुम्हाला कारण न्हाई सांगितलं. पाणी आलं तवा समदी पब्लिक पाण्यात. पाळण्याकडं कुत्रं फिरकत नव्हतं. दवाखान्यातनं आलो की ह्ये मला पेटीत बसवायचे, पार वर न्यायचे आन् इंजन बंद करायचे. वरनं नदी दिसायची. दौंडाकडं जाणारी गाडी दिसायची. मी लई येळ बसायची वर."

"वर काय करायचा, वहिनी?"

"काय न्हाई. वर कुणी इचारायला येत नव्हतं ना, काय गं, कवा?"

आणि खाली आज मी टेम्पोभर माणसं घेऊन विचारायला आलो होतो.

वहिनींनी मंगलच्या हातातली कुंची घेतली. कापडावरून बोट फिरवलं. मग ती पेटीच्या दांडीला बांधली, नाडीला गाठ मारली आणि म्हणाल्या, "काकी, एवढ्या लांब आलाय तर म्हणा. ह्या पाळण्याला कुणी कवा म्हनला न्हाई."

कौसाकाकींनी म्हटला. एकही कडवं न गाळता पुरा म्हटला. कटरवाली माणसं वरच बसून राहिली. सोपान इंजिनाचा तो जुना खटका हातात धरून उभा होता. वहिनींनी पेटीला हलकेच झोका दिला. मी भंगाराच्या ढिगाआड जाऊन पोटभर रडलो आणि तोंड पुसून परत आलो.

निघताना सोपानला म्हणालो, "हरलो गड्या. पाण्याचाच काळ खरा."

"मानलंस व्हय?"

"मानलं."

"मंग दे त्यो पेढा," तो म्हणाला. अर्धा वहिनींना दिला. त्यांनी खाल्ला. तो घास मला जेवढं सुनावून गेला, तेवढं पुढं कुणी सुनावलं नाही.

आज तिथं मोठं गोडाऊन आहे. सोपान त्याच्याच गेटवर वॉचमन आहे. भांडायला आता आमच्याकडे काही उरलं नाही, म्हणून भेटलो की नुसते बसतो.

आणि वस्तीत माझी काय पत राहिली म्हणता? आता घराघरात फोन झालेत, गेटवरच्या निरोपाची गरज नाही. तरी मी कुठलीही आनंदाची बातमी घेऊन आलो की मंगल आधी माझ्या हातातला पेढ्यांचा खोका काढून घेते, आणि मग विचारते:

"नीट आठवून सांगा. पाळणा कंचा? हलणारा का फिरणारा?"