माझ्या नावाची सवाष्ण

नर्सनं डिग्री घ्यायचं मनात आणलं की सगळ्यांत जास्त हसू डॉक्टरांना येतं. बेळगावच्या आमच्या इस्पितळातले मोठे डॉक्टर माझा अर्ज वाचून म्हणाले, "डिग्री घेऊन बेडपॅन जास्त स्वच्छ धुणार आहात का, सिस्टर?" आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसले. सहा वर्षं मी ह्या माणसाचं काम निस्तरत होते. यांनी टाके घालायचे, त्यात पू व्हायचा, आणि रोग्याच्या शिव्या मी खायच्या. रजिस्टर्ड नर्स म्हणजे यांच्या लेखी इस्त्रीच्या कपड्यातली मोलकरीण.

दिल्लीला नर्सिंगची डिग्री सुरू होतेय आणि मॅट्रिक झालेल्या बायका घेणार आहेत, हे मॅट्रनबाईंनी सांगितलं त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. शिकून यायचं, मुलींना शिकवायचं, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर मला ह्या माणसाच्या हाताखालून सुटायचं होतं. इंग्रज निघायच्या तयारीत होते, मीही होते.

अडलं ते नावापाशी. माझं लग्न चौदाव्या वर्षी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरात झालं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, आणि दोन वर्षांत तो विषमज्वरानं गेला. दिवस होताच सासऱ्यांनी मला वडगावला आईकडे आणून सोडलं. आईनं हातमागावर बसून मला पुन्हा शाळेत घातलं. शाळेत माहेरचंच नाव होतं, मॅट्रिक त्याच नावानं झाले. पुढं मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला गेले, तेव्हा विधवा म्हटल्यावर त्यांनी सासरचं नाव लावलं. म्हणजे मॅट्रिक झाली एक बाई आणि नर्स झाली दुसरीच. दिल्लीला दोन्ही सर्टिफिकिटं एकाच बाईची हवी होती.

दोन्ही नावांची बाई एकच आहे असं कुणीतरी लिहून द्यायचं होतं. आई माझ्याबरोबर कचेरीत आली. कारकुनानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "बाईमानसाची साक्ष कशाला? नाव बदललं सासरच्यांनी, लिवून सासऱ्यानंच द्यायला पायजे," म्हणाला आणि पानाची पिंक टाकायला उठला. जिनं मला जन्म दिला तिला मी कोण ते माहीत नाही, आणि चौदा वर्षं ज्यानं तोंड बघितलं नाही त्याला माहीत! असल्या अकलेवर कचेऱ्या चालत होत्या. अर्जाला आठ दिवस राहिले होते. मी एका दिवसाची रजा काढली आणि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीत बसून निपाणीला गेले.

सासरच्या दारात चपलांचा ढीग होता आणि पुरणाचा वास येत होता. इस्पितळात आम्ही तारखा बघतो, तिथी नाही. ओसरीवर वीस-बावीस वर्षांची एक बाई पत्रावळी पुसत होती. माझी धाकटी जाऊ असणार, हे मी ओळखलं. तिनं माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि हात थांबवला.

"कुणाकडनं आलाय?" तिनं विचारलं.

"बेळगावहून. आज काय आहे घरात?"

"आहेव नवमी न्हवं का? आमच्या थोरल्या जाऊबाईंची. लई भाग्याच्या बगा. भावजींच्या आदी गेल्या, कुंकू घिऊन."

आहेव नवमी म्हणजे नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. त्या घरात मुलगे दोनच, आणि थोरली सून मी.

"कशानं गेल्या?" मी विचारलं. नर्सची सवय, दुसरं काय!

"तापानं म्हनं. मी कुठं बगितलंय?"

तेवढ्यात सासरे बाहेर आले. मला बघून त्यांचा चेहरा तंबाखूच्या पानासारखा झाला. त्यांनी धाकटीला आत पिटाळलं आणि मला ओढत नेल्यासारखं शेजारच्या वखारीत नेलं. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी तोंड उघडलं.

"धाकट्याचं लगीन ठरंना. थोरली सून दवाखान्यात धा जातींचं हगमूत काढती म्हटल्यावर कोन पोरगी दील? म्हनून सांगितलं, तू मेलीस. मग व्याह्यास्नी दाखवाय नवमी घालाय लागली."

नवरा गेल्यावर ही नवमी पुष्कळ घरांत बंदच करतात. ह्यांना तेवढंही शास्त्र माहीत नव्हतं. खोटं बोलायचं तेही धड नाही, आणि दरवर्षी भाद्रपदात त्याला पुरणपोळीचा नैवेद्य! मला रागापेक्षा किळस आली. पू बघून कधी येत नाही, ती ह्या माणसाकडं बघून आली.

मी कागद पुढं केला. "मामंजी, सही करा."

"मेल्याली सून जित्ती हाय, असं लिवून दिऊ? व्याही आत बसल्यात."

"मग मी आत जाऊन पंगतीला बसते. ताट माझ्याच नावाचं आहे."

त्यांनी सही केली. शाई वाळेपर्यंत ते घाम पुसत बसले, मग हळूच म्हणाले, "दिल्लीत नाव कंचं लावनार?"

"माहेरचं."

त्यांचा जीव भांड्यात पडला. "मग बरं झालं. नवमी चालू ठिवाय हरकत न्हाय."

"ठेवा की," मी म्हणाले. "तुमची सून मेलीच."

त्या कागदावर पुढं कारकुनानं शिक्का मारला आणि दिल्लीत माझा प्रवेश झाला. पण त्या दिवशी मी मोटारीच्या अड्ड्याकडं निघाले, तेव्हा मागून कुणीतरी धावत आलं. धाकटी जाऊ होती. वखारीच्या दाराआड तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं. माझ्या नजरेला नजर देईना. पानात गुंडाळलेलं काहीतरी तिनं माझ्या हातात कोंबलं.

"आक्का, उपाशी जाऊ नका," एवढंच म्हणाली आणि पळाली.

संकेश्वरला ड्रायव्हर कोळसा भरायला थांबला तेव्हा मी पान सोडलं. माझ्याच श्राद्धाच्या दोन पोळ्या. पुरणात गूळ नावाला होता. गुळाला रेशन आहे हे मलाही ठाऊक होतं, पण वखारीत पोत्यांमागं लपवलेल्या ढेपा मी बघून आले होते. मेलेल्या बाईलाही ही माणसं फसवत होती. तरी मी दोन्ही पोळ्या खाल्ल्या, आणि खाता खाता मला रडू आलं. त्या घरात मी दोन वर्षं जिवंत होते. उपाशी राहू नकोस, असं तेव्हा मला कुणी एकदाही म्हटलं नव्हतं.