मला सूट नको

मी पहिल्यापासून बोलते. ऐकणाऱ्यांना ते कळत नाही, एवढाच काय तो घोळ.

जन्माच्या वेळी मेंदूला थोडा वेळ प्राणवायू मिळाला नाही. तेव्हापासून हात, पाय, मान आणि जीभ यांपैकी कुणीही माझं ऐकत नाही. डॉक्टर याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. एक शब्द उच्चारायला गेले की मान एकीकडे वळते, हात भलतीकडे उडतो आणि तोंडातून जे बाहेर पडतं ते लोकांना नुसतं ओरडणं वाटतं. माझं बोलणं पूर्ण समजणारी एकच व्यक्ती होती, आई. बाबांना निम्मं कळायचं आणि उरलेलं ते अंदाजाने भरून काढायचे.

अंबरनाथहून बदली होऊन बाबा चेन्नईजवळच्या आवडी गावी आले तेव्हा मी अगदी लहान होते. केंद्र सरकारच्या क्वार्टर्स, एकसारखे जिने, प्रत्येक दाराशी सकाळी कोलम, म्हणजे तिकडची रांगोळी. शेजारच्या तमिळ मामी आल्या की माझ्याकडे बघत आईला विचारायच्या, "हिला कळतं का सगळं?"

मी म्हणायचे, "मलाच विचारा की. मी इथेच बसलेय."

मामी आईकडे बघायच्या. "काय म्हणते?"

"वणक्कम म्हणतेय तुम्हाला," आई हसून सांगायची.

असं वर्षानुवर्षं चाललं. मी "नको" म्हटलं की आई "थँक यू म्हणतेय" असं सांगायची. मी "हे डॉक्टर खोटं बोलतात" म्हटलं की "बरं वाटतंय म्हणते." तिच्या तोंडून बाहेर पडलेली मी फार गोड मुलगी होते. वसाहतीत सगळ्यांना ती आवडायची. मला ती अजिबात आवडत नव्हती.

शाळेने मला घेतलं ते एका अटीवर. आईने वर्गात मागे बसायचं आणि माझं सगळं बघायचं. इंग्रजी माध्यमाची शाळा, क्वार्टर्सपासून चालत जाण्याएवढी. आई व्हीलचेअर ढकलत न्यायची आणि मागच्या भिंतीला टेकून स्टुलावर बसायची. लेखी परीक्षेत मी तिला उत्तरं सांगायचे आणि ती लिहायची. बाईंना शंका यायची की उत्तरं नेमकी कुणाची, पण आईचं इंग्रजी त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे ती शंका फार टिकत नसे.

तोंडी परीक्षा मात्र मला कधीच नव्हती. प्रगतिपुस्तकात वाचन, पाठांतर, संभाषण आणि खेळ या सगळ्यांपुढे एकच इंग्रजी शब्द छापल्यासारखा असायचा: एक्झेम्प्टेड. म्हणजे सूट. त्या जागी वर्गाचे सरासरी गुण भरून टाकायचे. बाबांना वाटायचं, शाळा चांगली आहे, समजून घेते. मला वाटायचं, मी गैरहजर आहे आणि माझ्या नावाने कुणीतरी हजेरी लावतंय.

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात माझ्यासारख्या मुलांसाठी एक केंद्र होतं. शनिवारी बाबा मला तिथे न्यायचे. आधी लोकल, मग ऑटो, आणि व्हीलचेअर घडी करून ऑटोच्या मागे बांधलेली. तिथल्या शिक्षिकेला आम्ही अक्का म्हणायचो. मी आठवीत असताना अक्काने एक जुना लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. कीबोर्डवर जाड पारदर्शक प्लास्टिकची प्लेट बसवलेली होती आणि प्रत्येक बटणावर त्या प्लेटला एक भोक. माझा हात उडाला तरी प्लेटवरच आपटायचा, चुकीचं बटण दाबलं जायचं नाही. योग्य भोकात बोट घातलं की अक्षर उमटायचं. वाक्य पूर्ण झालं की एक बटण दाबायचं, आणि लॅपटॉप ते इंग्रजीत मोठ्याने म्हणून दाखवायचा. त्यातल्या बाईचा आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा होता. भावना शून्य, शब्द मात्र स्पष्ट.

"घाई करू नको," अक्का म्हणाली. "तुला हवा तेवढा वेळ घे. ऐकणाऱ्यांनी थांबायचं असतं."

हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोपर्यंत सगळे मलाच सांगायचे, थांब जरा.

लॅपटॉप घरी न्यायची परवानगी मिळाली त्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दारात पोळीचं पीठ मळत बसली होती. मी टाइप करत होते. घामाघूम झाले. एका वाक्याला आईचं सगळं पीठ मळून होत आलं. मग मशीन म्हणालं, "आई, तू माझं चुकीचं सांगतेस."

आईचे हात थांबले. मशीनला मराठी येत नसल्यामुळे तेवढा 'आई' शब्द मी 'आ' आणि 'ई'सारखे ऐकू येणारे दोन इंग्रजी शब्द जोडून बनवला होता, बाकी सगळं इंग्रजीत. तिला नीट कळलं की नाही असं वाटून मी पुन्हा बटण दाबलं.

"कळलं गं," ती म्हणाली. "कधी चुकीचं सांगितलं मी?"

मी पुन्हा टाइप करायला लागले. ती थांबली. "चुकीचं म्हणजे गोड. मी गोड नाहीये."

आई उठून आत गेली. तवा ठेवल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने आतूनच म्हणाली, "तू जे बोलतेस ते तसंच सांगितलं असतं ना, तर या बिल्डिंगमधलं कुणीही आपल्याकडे फिरकलं नसतं."

ते खरं होतं. पण तिने पुढे कधी माझं बोलणं गोड करून सांगितलं नाही. मामी पुढच्या वेळी आल्या तेव्हा आई गप्प बसून राहिली आणि मशीनने मामींना सांगितलं, "मला सगळं कळतं. तुम्ही गेल्यावर आई तुमच्याबद्दल काय म्हणते तेही." आईने डोक्याला हात लावला. मामी आधी गडबडल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्या पुढेही येत राहिल्या, आणि थेट माझ्याशी बोलायला लागल्या.

शाळा इतकी सोपी नव्हती.

हेडमिस्ट्रेस मॅडमनी लॅपटॉप बघितला आणि आईला सांगितलं की ही फार चांगली गोष्ट आहे, फक्त वर्गात आवाज नको, इतर मुलांचं लक्ष उडेल. मधल्या सुट्टीत लायब्ररीत वापरा. म्हणजे मला बोलायची परवानगी होती, पण जिथे बोलायला बंदी असते तिथेच. आम्ही तेही केलं. वर्षभर मी लायब्ररीत बसून कपाटांशी बोलले.

नववीत गेल्यावर इंग्रजीची तोंडी परीक्षा जाहीर झाली. दुसऱ्या शाळेतले शिक्षक परीक्षक म्हणून येणार होते. वर्गाच्या बाईंनी यादी वाचली आणि माझं नाव आल्यावर सवयीने "एक्झेम्प्टेड" म्हणून पुढे गेल्या. मी ओरडले. माझ्या जन्मजात आवाजात, जेवढा होता तेवढा. वर्ग दचकला. बाईंनी मागे आईकडे बघितलं.

आई स्टुलावरून उठली आणि म्हणाली, "ती 'नाही' म्हणतेय."

तेवढंच. शब्दाला शब्द.

दुसऱ्या दिवशी आम्ही मॅडमच्या ऑफिसात होतो. आईने लॅपटॉप त्यांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या फाइली थोड्या सरकवून. मॅडम आईशीच बोलत होत्या. "हिला समजावून सांगा. सूट तिच्या भल्यासाठी आहे. सरासरी गुण मिळतात, परीक्षेचा ताण नाही. परीक्षकांसमोर तिला त्रास झाला तर?"

मी टाइप करायला घेतलं. मॅडम थोडा वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "काय म्हणायचंय तिला? तुम्हीच सांगा ना, तुम्हाला तर कळतं."

आईला कळत होतं. माझ्या चेहऱ्यावरून तिला बहुतेक पूर्ण वाक्य कळलं असेल. तिने पदर नीट केला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तिलाच विचारा. थोडा वेळ लागेल."

मग सगळेच थांबले. शिपाई चहा ठेवून गेला. फोन वाजला, मॅडमनी तो घेतला, संपवला, ठेवला. मी अजून टाइप करत होते. मला माहीत होतं की एव्हाना मॅडमना राग यायला लागलाय, आणि मी मुद्दामच एकही शब्द कमी केला नाही.

मशीन म्हणालं, "मला सूट नको. मला परीक्षा द्यायची आहे. नापास झाले तर नापास करा."

मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे वळल्या. "पण बाळ, परीक्षा तू देणार की हे मशीन?"

"मशीनने अभ्यास केलेला नाही," मी म्हणाले. "मी हात काढते. त्याला काहीही विचारून बघा."

आणि मी खरंच हात मांडीवर घेतले, जेवढे राहतील तेवढे. लॅपटॉप गप्प. आई खिडकीबाहेर बघायला लागली, कारण तिला हसू आवरत नव्हतं. मॅडमना हसू आलं नाही. त्या म्हणाल्या, "परीक्षक परवानगी देतील तर माझी हरकत नाही." त्यांना वाटलं असणार, परीक्षक देणार नाहीत.

परीक्षक पांढऱ्या शर्टातले, कपाळाला विभूती लावलेले वयस्कर तमिळ गृहस्थ होते. त्यांनी प्लेटची भोकं वाकून बघितली, एका भोकात स्वतःचं बोट घालून बघितलं, आणि म्हणाले, "बसा." मी बसलेलीच होते.

आधी वाचन. त्यांनी उतारा पुढे केला आणि अडकले. "मी हा मशीनमध्ये घातला तर मशीन वाचेल. तुला वाचता येतं हे मला कसं कळणार?"

"मनात वाचते. मग प्रश्न विचारा," मी सांगितलं.

"इथे मोठ्याने वाचण्याचे गुण आहेत. ते मी देऊ शकत नाही." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला राग आला, पण एक मानलं पाहिजे. ते हे मला सांगत होते, आईला नाही. आई तर दाराबाहेर होती, ती त्यांना दिसतही नव्हती.

मग संभाषण. त्यांनी विचारलं, चेन्नईच्या आसपासची कुठली जागा आवडते? मी कोवलम सांगितलं, केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं समुद्रकाठचं गाव. तिथल्या वाळूत माझ्या व्हीलचेअरची चाकं रुतली होती आणि होडी ओढणाऱ्या बायाबाप्यांनी मला चेअरसकट उचलून पाण्यापर्यंत नेलं होतं, होडीसारखंच, एका तालात आरोळ्या देत. मी हे सांगत असताना मध्येच त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. मी टाइप केलं, "थांबा." मशीनने तो शब्द घोषणेसारखाच उच्चारला. सर चमकले आणि पेन खाली ठेवून थांबले.

शेवटी नेहमीचा प्रश्न. "तुझी महत्त्वाकांक्षा काय?"

माझ्या आधीची मुलं डॉक्टर आणि इंजिनियर सांगून बाहेर पडली होती. मी म्हणाले, "लोकांचं बोलणं मध्येच तोडणं."

"ही काही महत्त्वाकांक्षा नाही."

"तुम्हाला ते फुकट जमतं, म्हणून तसं वाटतं. माझं वाक्य होईपर्यंत विषय बदललेला असतो."

बाहेर रांगेतली मुलं दारातून डोकावत होती, कुणीतरी त्यांना मागे ओढत होतं. सर म्हणाले, "मग तूच सांग, यावर मी काय करावं?" आणि हा प्रश्न त्यांच्या कागदावर नव्हता, एवढं मला नक्की दिसलं. आम्ही बराच वेळ बोललो. पुढच्या मुलीचा नंबर जेवणाच्या सुट्टीनंतर लागला.

गुण लागले. संभाषणाचे चांगले होते. उच्चारांचे कापले होते, कारण मशीनने 'कोवलम'चं काहीतरी भयंकर करून टाकलं होतं. मोठ्याने वाचण्याला शून्य. बेरीज केली तर वर्गाच्या सरासरीच्या पुष्कळ खाली. बाबा म्हणाले, "सूट घेतली असतीस तर बरी राहिली असतीस." मी म्हणाले, "मी बरी आहे." हे मशीनशिवाय म्हणाले, आणि त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

मॅडमनी आम्हाला पुन्हा बोलावलं. या वेळी आवाज मऊ होता. शून्य दिसायला बरं दिसत नाही, अजूनही तिथे एक्झेम्प्टेड लिहिता येईल, सरासरी गुण भरता येतील. पेन त्यांच्या हातात तयार होतं.

मला खोटं बोलायचं नाही. मी क्षणभर विचार केला. शून्य पुढची कित्येक वर्षं कागदावर राहणार होतं. मग मी टाइप केलं, "शून्य असू द्या. पुढच्या वर्षी वाचनाची परीक्षा बदला. उतारा द्या आणि प्रश्न विचारा. आणि मशीन वर्गात येणार, आवाजासकट."

"नियम असे एका मुलीसाठी बदलत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेरून आमचं बोलणं ऐकत असलेली माझ्या वर्गातली एक मुलगी दाराशी येऊन उभी राहिली. तोतरी होती. तोंडी परीक्षेत दरवर्षी पहिल्याच शब्दावर अडायची, मुलं हसायची, आणि ती अर्ध्यातच खाली बसायची. तिला सूट नव्हती, कारण ती धडधाकट दिसायची. ती मॅडमना म्हणाली, एकेक अक्षर ढकलत, की तिलाही पुढच्या वर्षी जास्त वेळ हवाय. जमलं तर मशीनही.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं आणि वैतागून आईकडे बघितलं. "बघितलंत? आता हे सुरू झालं. उद्या सगळेच मागतील."

ती मुलगी दारातच उभी होती, माझ्या बोटांकडे बघत. मी सावकाश, एकेका भोकात बोट घालत टाइप केलं आणि आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत दाबलं.

"मागू द्या," मशीन म्हणालं.