उशा सारख्या करणारे मामा

एमडीच्या पहिल्या वर्षी, नगरच्या आमच्या आयसीयूत, मला सरांपेक्षा तिथल्या वॉर्डबॉय मामांची धास्ती जास्त. ते फारसं बोलायचे नाहीत, नुसते बघायचे.

पिकावर फवारायचं औषध पिऊन आलेले पेशंट आमच्याकडे कायम असायचे. रोज सकाळी मामा त्यांच्या उशा सारख्या करायचे आणि प्रत्येकाला म्हणायचे, "मान उचला, पाव्हनं." मला वाटायचं, उशीसाठीच म्हणतात.

श्रीरामपूरकडचा एकजण तिसऱ्या दिवशी चांगला बोलायला लागला, म्हणून त्याला जनरल वॉर्डात हलवायचं मी लिहायला घेतलं. तेवढ्यात मामा आले.

"मान उचला, पाव्हनं."

त्यानं जोर लावला, पण डोकं उशीवरून उठेना. मामांनी गुपचूप ऑक्सिजनचा सिलिंडर ओढत आणला.

"आता दम अडकंल ह्याचा, डॉक्टर. लई बघितलंय असं."

तासाभरात त्याला नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. तो वाचला.

राऊंडला सर खूश होते. "मानेतली ताकद गेलीय हे कुणी ओळखलं?"

"मी, सर."

मामा तिथंच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या खाटेशी जाऊन म्हणाले, "मान उचला, पाव्हनं."