बेकरीच्या पाटीवरचा शब्द

इकडे आखातात, रास अल खोरला माझं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथे दर गुरुवारी एक म्हातारा ग्रीक जहाज-मेकॅनिक यायचा. गास्केट नखाने टोकरून बघितल्याशिवाय घ्यायचा नाही. एकदा माझी मुलगी फोनवर माझ्याशी सगळं इंग्रजीतच बोलली. फोन ठेवून "पोरीची मराठी चालली," म्हणत मी उसासा टाकला, तसा तो म्हणाला, "हबीबी, समुद्राला आमच्याकडे हजारो वर्षं तोच शब्द आहे. पावाला मात्र घरात आता वेगळा शब्द आहे. तरी जुना गेला नाही, बेकऱ्यांच्या पाट्यांवर अजून आहे. इतक्या लवकर काही जात नाही. यल्ला, गास्केट दे."

संध्याकाळी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, वन मोर पोळी प्लीज."

मी दोन वाढल्या.