अक्काच्या गाठीचा साक्षीदार

"मामा, पॅड आणा," विभागप्रमुख म्हणाले.

अक्काने पेन मागितले होते. धुळ्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या वॉर्डात, लोखंडी खाटेच्या कडेला ती ताठ बसली होती आणि पेनसाठी तिने उजवा हात पुढे केला होता. "माले सही येस, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. वॉर्डातल्या सेवकाला तिथे सगळे मामा म्हणतात. त्या मामाने तोच हात मनगटाशी धरला, अंगठा शाईत दाबला आणि कागदावर टेकवला. एखाद्या पाकिटावर शिक्का मारावा तसा.

"आजी, तुझी सही घेऊन आम्हाला बँकेत जायचं नाही," विभागप्रमुख म्हणाले.

भोवती आठ-नऊ शिकाऊ डॉक्टर होते. ते हसले. एक मुलगी हसली नाही, तिने खाली पाहिले. वॉर्डातली सहानुभूती तेवढीच.

मग विभागप्रमुखांनी अक्काला आडवे व्हायला सांगितले, न विचारता पोटावरचे लुगडे बाजूला केले आणि गाठीवर बोट ठेवून ते इंग्रजीत बोलू लागले. अक्काने पदर तोंडावर ओढून घेतला. ती माझी थोरली बहीण. वय सत्तरीच्या पुढे. साक्रीच्या आठवडे बाजारात तिने आयुष्यभर भाजी विकली, पण परक्या माणसासमोर तिच्या डोक्यावरचा पदर ढळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी नऊ-दहा माणसांनी तिच्या पोटाला हात लावून पाहिले. तिचा चेहरा कोणी पाहिला नाही.

मी कोपऱ्यात उभा होतो. म्हणालो, "साहेब, कागदावर काय लिहिलं आहे, ते वाचू का?"

"तुम्ही कोण? वकील?"

"नाही. अर्जलेखक. तहसील कचेरीबाहेर बसायचो."

"मग अर्ज करा."

पुन्हा हशा. मामाने कागदाचे शेवटचे पान माझ्यापुढे धरले आणि एका रेघेवर बोट ठेवले. "बाबा, इथं सही."

मी सही केली.

हे वाक्य मी मुद्दाम एकटे लिहीत आहे. मला इंग्रजी वाचता येते. अडतीस वर्षे मी सरकारी कागद वाचले आणि लिहिले. कलम, पोटकलम, परंतुक, सगळे. वाचण्याची परवानगी मागण्याची मला गरजच नव्हती. कागद माझ्यापुढेच होता. पण गाठ कापणारा हात विभागप्रमुखांचा होता आणि त्या हाताला राग येऊ नये, एवढेच तेव्हा माझ्या मनात होते. मी न वाचता सही केली. माझी सही सुंदर आहे. तहसीलदारसुद्धा तसे म्हणत.

सगळे पुढच्या खाटेकडे गेल्यावर अक्काने पदराच्या टोकाने अंगठा पुसला. शाई गेली नाही. मग तिने विचारले, "भाऊ, तू काबर बोलना नही?"

मी म्हणालो, "ऑपरेशन होऊ दे, अक्का."

ती सही तिला सहज आलेली नव्हती. मला शाळेत घालायचे म्हणून तिला घातले नाही. आमच्या वस्तीत एका घरातून एकच मूल शाळेत जाई, आणि ते मुलगा असे. पन्नाशी उलटल्यावर ती गावातल्या साक्षरता वर्गात जाऊन बसली. जमिनीवर कोळशाने नाव गिरवी. पहिल्यांदा तिने आपले नाव पूर्ण लिहिले तेव्हा कागद माझ्यापुढे धरून म्हणाली होती, "देख, मी शे." बघ, ही मी आहे. त्या बाईच्या हातातले पेन काढून घेतले जात असताना मी कोपऱ्यात उभा होतो, ही या निवेदनातील पहिली कबुली समजावी.

ऑपरेशन झाले. गाठ निघाली. अहवालात लिहिले होते की ही पोटाच्या भिंतीत होणारी, क्वचित आढळणारी गाठ आहे. जखम भरली. अक्का पुन्हा बाजारात बसू लागली. मला वाटले, मी गप्प राहिलो ते बरेच झाले.

काही महिन्यांनी तिचे जेवण तुटले. आम्ही एसटीने जळगावला गेलो. तिथल्या कर्करोगाच्या डॉक्टरबाई वयाने लहान, माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी अक्काला आधी विचारले, "अक्का, पोटाला हात लावू का?" अक्का माझ्याकडे पाहू लागली. हा प्रश्न तिला नवा होता.

आजार यकृतात पोचला होता. डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून, आम्हाला समजेल अशा मराठीत सांगितले. या गाठीवर गोळी आहे. पण गाठीच्या आतला दोष कोणता, ते कळल्याशिवाय कोणती गोळी लागू पडेल हे ठरत नाही. चुकीची दिली तर हातचे महिने वाया जातात. तो दोष कळण्यासाठी मूळ गाठीचा तुकडा हवा. ऑपरेशननंतर असे तुकडे मेणात बसवून ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. काडेपेटीच्या निम्म्याएवढा असतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. यकृतातून नवा तुकडा काढणे धोक्याचे, कारण तिथे रक्तस्राव झाला तर अक्काला तो सोसणार नाही.

"धुळ्याहून ब्लॉक घेऊन या," त्या म्हणाल्या. "तुमचाच आहे. अर्ज करा, देतील."

पुन्हा तोच शब्द. पण या वेळी हसले कोणी नाही.

धुळ्याच्या प्रयोगशाळेतल्या लिपिकाने खिडकीतून नोंदवही पाहिली. "काका, ब्लॉक नाही इथं. स्टडीला गेला."

"कुठे?"

"वर."

"वर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, की देवाकडे?"

"साहेबांचा अभ्यास चालू आहे हो, दुर्मीळ गाठींचा. साहेबांना विचारा."

साहेब भेटले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी येऊन अक्काला सांगितले. ती हसली. पोट धरून हसावे लागते तिला, दुखते म्हणून. म्हणाली, "मी शाळामा गऊ नही, पन मनी गाठ गयी शिकाले!"

मी पत्र लिहिले. रजिस्टर्ड, पोचपावतीसह. मग स्मरणपत्र. मग दुसरे स्मरणपत्र, प्रत वरिष्ठांना. मी पत्रात राग लिहीत नाही. मी मागणी लिहितो, मागणीचा आधार लिहितो आणि मुदत लिहितो. तिसऱ्या पत्राला उत्तर आले. त्यातला मजकूर मला पाठ आहे.

"सदर नमुना रुग्णाच्या लेखी संमतीने संशोधनार्थ घेण्यात आला असून, सदर संमतीस आपण स्वतः साक्षीदार आहात. सोबत प्रत जोडली आहे."

सोबत तीन पानांची छायाप्रत. सगळी इंग्रजीत. मी ती घराच्या ओट्यावर, दुपारच्या उन्हात, आधी उभ्याने आणि मग बसून वाचली. काढलेल्या गाठीचा संपूर्ण भाग संशोधनासाठी देत आहे. छायाचित्रे घेण्यास हरकत नाही. शेवटच्या पानावर अक्काचा अंगठा, थोडा फरपटलेला, कारण तिने हात मागे ओढला होता. आणि अंगठ्याखाली हे विधान: वरील सर्व मजकूर रुग्णास तिच्या भाषेत माझ्यासमक्ष वाचून दाखविण्यात आला, तिने शंका विचारल्या, तिचे समाधान झाले, आणि मी या बाबीचा निःपक्षपाती साक्षीदार आहे.

त्याखाली माझी सही. सुंदर.

नियम असा आहे की ज्याला वाचता येत नाही त्याच्या संमतीला साक्षीदार लागतो. म्हणजे कागदाने अक्काला आधी निरक्षर ठरवले, आणि मग तिच्या निरक्षरतेला माझी साक्ष जोडली. खोटे एक नव्हते. प्रत्येक ओळ खोटी होती, आणि ती खरी असल्याची ग्वाही मी दिली होती.

त्याच ओट्यावर मला दुसरी गोष्ट आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

तहसील कचेरीबाहेर बाजाराच्या दिवशी माझ्यापुढे रांग लागे. साक्रीच्या पश्चिमेकडच्या डोंगरपाड्यांतून माणसे येत. त्यांना परतीची गाडी गाठायची असे. म्हणून आम्ही सगळेच अर्जलेखक एक पद्धत पाळायचो. कोऱ्या कागदाच्या तळाशी आधी अंगठा घ्यायचा, माणसाला मोकळे करायचे आणि मजकूर नंतर टंकलिखित करायचा. "जा आबा, तुमचं काम झालं." त्यांना त्यात माझा उपकार वाटे. मलाही वाटे. काय लिहिले, ते त्यांना कोणी वाचून दाखवत नसे. मी चांगलेच लिहीत असे, अशी माझी खात्री होती. विभागप्रमुखांचीही तशीच खात्री असणार.

मी किती अंगठे घेतले, मला माहीत नाही. अंगठे आठवतात. चेहरे आठवत नाहीत.

अखेर विभागप्रमुखांनी मला बोलावले. खुर्ची दिली, चहा मागवला. "तुमच्या बहिणीसारखी केस क्वचित मिळते, बाबा. परिषदेत सगळ्यांनी दखल घेतली. त्यांच्यामुळे विज्ञान पुढे जातंय. तुम्हाला अभिमान वाटायला हवा."

"तिला कोणी सांगितलं?"

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, ब्लॉकमध्ये एका तपासणीपुरता भाग शिल्लक आहे, तो उद्याच देता येईल. फक्त एक कागद लागेल. संमतीचा मजकूर समजावून सांगितला होता आणि आमची काही तक्रार नाही, असा. मराठीतच टाइप केला होता. "रुग्णाची सही चालेल," ते म्हणाले. आता सही चालत होती.

खरे लिहितो. मी तो कागद घेऊन घरी आलो, तो अक्काची सही घेण्यासाठीच. तुकड्याशिवाय गोळी नाही. खोटा कागद एकदा दिलाच होता, आणखी एक देऊ.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. मी पेन पुढे केले. तिने घेतले नाही. म्हणाली, "वाच."

मी वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, अहिराणीत समजावत. कागद वाचून दाखवण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. न दिल्यास काय होईल, तेही सांगितले. अक्काने डोळे मिटून ऐकले. मग विचारले, "हाई बठ्ठं त्यासनी माले सांगेल व्हतं?"

"नाही. यातलं काहीच सांगितलं नव्हतं."

"मंग खोटं शे. फेकी दे."

मी म्हणालो, "अक्का, तुझ्या जिवाचा प्रश्न आहे."

"जीव मना शे ना? मंग?"

मी तो कागद घडी करून बाजूला ठेवला.

त्यानंतर आम्ही दुसरा कागद केला. नमुना परत मिळावा, संमती मागे घेत आहे. ती केव्हाही मागे घेता येते, असे त्यांच्याच छापील पानावर लिहिले आहे. मी आधी मजकूर लिहिला. मग वाचला. मग तिने सही केली. नावाची चारही अक्षरे पुरी केली. त्या पत्राची पोच आली. ब्लॉक आलेला नाही. जळगावच्या डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली आहे. "अंदाजाने देते आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही," त्या म्हणाल्या. अक्का ती गोळी रोज घेते. पोटावरची सूज उतरलेली नाही.

दुर्मीळ गाठींचा अभ्यास झालाच पाहिजे. रुग्ण थोडे, म्हणून एकेक तुकडा मोलाचा, हे मला डॉक्टरबाईंनी समजावले आणि पटले. अक्काला कोणी विचारले असते तर तिने तो दिला असता. बाजारात उरलेली भाजी ती रोजच वाटून येई. पण ज्या शास्त्राला माणसाच्या गाठीतला अदृश्य दोष दिसतो, त्याला तिच्या हातातले पेन दिसू नये, हे मी अपघात म्हणून स्वीकारणार नाही.

मला वकील मित्रांनी सल्ला दिला आहे की तक्रारीत स्वतःच्या सहीचा उल्लेख टाळा, आपल्यावर येईल. मी तो टाळणार नाही. रुग्णालयातल्या संशोधनावर देखरेख करणाऱ्या नैतिकता समितीपुढे उद्या मी प्रतिज्ञापत्र दाखल करीत आहे. त्यात विभागप्रमुखांचे वर्तन दुसऱ्या परिच्छेदात आहे. पहिल्या परिच्छेदात मी आहे. मी न वाचता साक्ष दिली. माझ्यासमक्ष काहीही वाचले गेले नाही. माझी साक्ष खोटी आहे आणि तिच्यावर उभी असलेली संमती कोसळली आहे. त्या विभागातल्या प्रत्येक अंगठ्याखालचा साक्षीदार बोलावून त्याला हेच विचारावे, अशी मागणी मी केली आहे.

खोट्या साक्षीला शिक्षा असते, हे मला ठाऊक आहे. ती माझ्यापासून सुरू करा. माझ्यापाशी थांबवू मात्र देणार नाही.