वरच्या काकांची बंदूक

अख्ख्या बहरीनमध्ये, आणि मला विचाराल तर अख्ख्या जगात, गुन्हा करण्याआधीच स्वतःहून पोलिसांत जाऊन त्याची वर्दी देणारा एकच माणूस झाला, आणि तो मनामाच्या झिंज भागात आमच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये राहायचा. आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. पुढे जाण्याआधी माझी भूमिका सांगून टाकते, कारण भूमिका लपवून लिहिणाऱ्यांची मला चीड आहे. मी बंदुकीच्या विरोधात आहे. खऱ्या, खोट्या, प्लॅस्टिकच्या, पिचकारीवाल्या, सगळ्या! इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात दारात उभं राहून ‘मुलांच्या हाती बंदूक देणाऱ्या पालकांनो, लाज बाळगा!’ असं पत्रक मी वाटलं होतं. ‘लाज’ या शब्दावर दोन मावश्या रुसल्या, त्या अजून बोलत नाहीत. काकांनी मात्र ते पत्रक उजेडात धरलं, खिशातून पट्टी काढून चारी बाजू मोजल्या आणि म्हणाले, “मुद्दा बरोबर आहे. उजवी कड दोन मिलिमीटर तिरकी कापलीय. घरी गेलीस की वर ये, तुला माझी बंदूक दाखवतो.”

काका अस्करच्या एका ॲल्युमिनियम कारखान्यात तपासणी विभागात होते. म्हणजे तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी केलेलं काम मोजलं आणि नापास केलं. ही सवय घरी येताना ते कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेवत नसत. पोळीची जाडी व्हर्नियरने मोजणारा दुसरा नवरा मी पाहिलेला नाही. “मला बघायला आले तेव्हा माझ्याकडे कमी आणि आमच्या दाराच्या बिजागरीकडे जास्त बघत होते,” असं काकू चिंचवडच्या त्या प्रसंगाबद्दल सांगायच्या. “आणि जाताना बाबांना म्हणाले, मुलगी पसंत आहे, पण बिजागरी बदला.” यावर काका शांतपणे म्हणायचे, “बदलली नाहीच त्यांनी. दुसऱ्या वर्षी दार पडलं की नाही?”

अशा माणसाला मनामाच्या जुन्या बाजारात, एका भंगारवाल्याच्या टेबलावर, पावत्यांवर वजन म्हणून ठेवलेला एक गंजका लोखंडी सांगाडा दिसला. तो शंभरेक वर्षांपूर्वीच्या लिव्हरच्या बंदुकीचा होता. या बंदुकीला चापाभोवती एक कडी असते. ती खाली ढकलून पुन्हा वर ओढली की आतली सगळी यंत्रणा एका दमात फिरते. काकांना गोळी, शिकार, पराक्रम यांत काडीचा रस नव्हता. घरातलं झुरळही ते कागदावर घेऊन जिन्यात सोडून यायचे. त्यांना हवी होती ती फक्त कडी. “एक हात, एक हालचाल,” ते मला डोळे चमकवत सांगत होते, “आणि आत नऊ वस्तू आपापल्या वेळेला हलतात. कोणी कोणाच्या आड येत नाही. अशी मीटिंग मी तीस वर्षांत पाहिलेली नाही गं!”

आता दुसरा कोणी असता तर सांगाडा पिशवीत घालून गुपचूप घरी आला असता. काका तो फडक्यात गुंडाळून थेट पोलीस चौकीत गेले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, “सर, मी बंदूक जमवायला सुरुवात करतोय.” चार तास बसवून ठेवलं त्यांना! शेवटी तिथल्या अधिकाऱ्यांनी सगळीकडे फोन करून तोडगा काढला. सांगाडा आणि पुढे मिळेल ती नळी चौकीच्या कपाटात राहील, नळी झाळून कायमची बंद होईल आणि लाकूड, स्प्रिंगा वगैरे किरकोळ माल काकांनी घरी ठेवावा. एवढ्यावर कोणीही सुटलो म्हटलं असतं. पण काका प्रत्येक नवा स्क्रू मिळाला की तो घेऊन नोंद करायला चौकीत हजर. “काका, ये स्क्रू है,” अधिकारी कपाळाला हात लावायचे. “स्क्रू सबके घर में है. खलास!” “सर, पण हा बंदुकीचा आहे,” काका अदबीने म्हणायचे आणि नोंद करूनच उठायचे. चार वर्षांत त्यांची फाईल उशीएवढी झाली. पुढे पुढे महिनाभर काका फिरकले नाहीत तर अधिकाऱ्यांचाच फोन यायचा. “काका, बीमार है क्या? कुछ मिला नहीं?”

आणि मग काकांच्या निवृत्तीची तारीख आली. जूनमध्ये व्हिसा रद्द, चिंचवडला परत. बंदूक भारतात नेता येणार नव्हती, आणि त्यांना न्यायचीही नव्हती. एकदा, फक्त एकदा, ती पूर्ण जोडलेली बघायची होती आणि कडी ओढायची होती. पण अर्धी बंदूक पोलिसांच्या कपाटात, अर्धी काकूंच्या शोकेसमध्ये! म्हणजे चौकीतच बसून जोडायची परवानगी हवी. तो अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. काकांनी माझा मसुदा वाचला आणि चष्मा काढला. “अगं, अर्ज आहे हा, मोर्चा नाही. ‘आमच्या संयमाचा अंत पाहू नका’ हे वाक्य काढ.” मी काढलं. मनाविरुद्ध काढलं.

एव्हाना माझीही शुद्ध हरपली होती, हे कबूल करते. रोज संध्याकाळी पत्रकं बाजूला टाकून मी वर स्प्रिंगांना तेल लावत बसायचे. एकच भाग कुठे मिळत नव्हता, कडीला आतल्या यंत्रणेशी जोडणारा बोटभर दुवा. काकांनी जुन्या ड्रॉइंगवरून तो पोलादात स्वतः घासून केला, मोजला आणि नापास केला. असे सहा दुवे नापास झाले. सातवा पास झाला त्या दिवशी काकूंनी शिरा केला.

परवानगी आली ती व्हिसा रद्द होण्याच्या आदल्या दिवसाची, सकाळी एक तास. अधिकाऱ्यांनी टेबल मोकळं करून ठेवलं होतं, चहा मागवला होता आणि ते स्वतःच खुर्चीच्या टोकावर बसले होते. काकांनी एकेक भाग बसवला. मी स्क्रू हातात देत होते. शेवटी काकांनी कडी ढकलली. अर्ध्यावर गेली आणि अडकली.

पुन्हा सगळं खोललं. पुन्हा मोजलं. “दुवा बरोबर आहे,” काका म्हणाले, “शंभर टक्के ड्रॉइंगप्रमाणे.” पुन्हा जोडलं, पुन्हा अडकलं. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं आणि काढून खिशात ठेवलं. माझा मात्र तोल सुटला. “काका, चुलीत घाला ते ड्रॉइंग! शंभर वर्षं झिजलीय ही बंदूक. ती कशाला ऐकेल ड्रॉइंगचं?”

काकांनी व्हर्नियर पेटीत ठेवलं, कानस उचलली आणि दुवा घासायला लागले. दोनदा घासायचे, अंगठा फिरवायचे, डोळे मिटायचे. तीस वर्षांत त्यांनी असं करणाऱ्या प्रत्येकाला घरी पाठवलं असेल. दुवा बसवला, कडी धरली.

खट्-खटाक!

“यल्ला, काका!” अधिकारी अरबीत ओरडून उभेच राहिले. मी किंचाळले. त्या आवाजात काय होतं ते मला पत्रकात सांगता येणार नाही. काकांनी एकदाच ओढली आणि बंदूक अधिकाऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी दहा-बारा वेळा खटाखट ओढली. मग माझ्या हातात आली. मी चारदा ओढली. खोटं कशाला लिहू?

नोंद करताना अधिकाऱ्यांनी विचारलं, “ये छोटा पीस, साइज क्या लिखूँ?”

काकांनी व्हर्नियरची पेटी बंद केली. “पता नहीं, सर,” म्हणाले. “बैठ गया.”

पावतीवर सही करून आम्ही बाहेर आलो. गाडीचं दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. काका पुढच्या सीटवर बसले. एसी लागला, गार वारा यायला लागला, मी पट्टा लावला. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर घेतले, मग एकमेकांत गुंतवून सोडवले. चार वर्षांत पहिल्यांदा त्या हातांना करायला काही उरलं नव्हतं, आणि ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.