बाबांची अर्धी बिरुदावली

मृणालला, माझ्या बायकोला, हे माहीत नाही. आईला नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये कुणालाच नाही. तुम्हाला सांगतोय, तेही — खरं सांगू? — तीनदा लिहून खोडल्यानंतर.

आधी बाबांबद्दल सांगतो. मी लांबण लावतोय हे मलाही कळतंय. पण ते कोण होते ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कसं कळणार?

बाबा म्हणजे आमच्या वर राहणाऱ्या नोम्साचे वडील. जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. झुलू भाषेतही वडिलांना बाबाच म्हणतात, त्यामुळे आम्हाला काही वेगळं शिकावं लागलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या त्यांच्या भागात ते इन्कोसी होते. वाडवडिलांकडून आलेलं प्रमुखपद — भांडणं मिटवायची, जमिनीचे वाद ऐकायचे, लग्नाकार्याला आणि मर्तिकाला उभं राहायचं. शिवाय प्रांताच्या विधिमंडळात बरीच वर्षं सदस्य. नोम्सा सांगायची, तिथे ते बोलायला उठले की विषय दोनच, पाण्याची पाइपलाइन आणि शाळेचा रस्ता. समोरचे जांभया द्यायचे. शेवटी दोन्ही झालं, तेव्हा त्यांनी दवाखान्याचा विषय काढला.

मी हे ऐकून मनात म्हटलं होतं, ‘म्हणजे गावचे पाटीलच की!’ एवढ्यावर मी त्यांना निकालात काढलं होतं. तेही आज कबूल करून टाकतो.

आमच्या इराच्या बारशाला ते लेकीकडे राहायला आलेले होते. रविवार होता, घरात वीस-बावीस माणसं. बाबांना खुर्ची दिली तर ती त्यांनी माझ्या आईकडे सरकवली आणि स्वतः सतरंजीवर बसले. आईने पाळणा म्हटला. तो संपल्यावर त्यांनी विचारलं, मी काही म्हटलं तर चालेल का? आणि उभे राहून त्यांनी आमच्या तीन महिन्यांच्या पोरीची बिरुदावली म्हटली. तिथल्या तिथे रचलेली, आमच्या घरातल्या सगळ्यांची नावं गुंफलेली. आवाज असा की कपाटातली भांडी वाजली. इरा रडली नाही, टक लावून बघत राहिली. नंतर ते म्हणाले, “मुलाला एकदा तरी मोठ्याने हाक मारावी. आपल्याला ओळखणारी माणसं आहेत, हे त्याला कळायला हवं.” आई डोळे पुसत होती. मीही पुसले असतील.

दहा दिवसांनी हाउसफरवाल्टुंगचं, म्हणजे बिल्डिंगचा कारभार बघणाऱ्या ऑफिसचं, पत्र आलं. रविवारची शांतता भंग केल्याची तक्रार आली आहे, पुन्हा आल्यास घराच्या कराराबाबत विचार करावा लागेल. हे घर मिळवायला आम्हाला सात महिने लागले होते. मृणाल तेव्हा पोटुशी होती, आणि मी दर शनिवारी फाइल काखेत मारून रांगेत उभा राहायचो. ते पत्र मी डिक्शनरी घेऊन चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचताना एक विचार आला, तो गेलाच नाही — आवाज त्यांचा आणि पत्र आमच्या नावावर?

तेव्हापासून मी घाबरट झालो. की आधीपासूनच होतो? कुकरच्या शिट्ट्या मोजायचो. फोडणी टाकण्याआधी खिडक्या लावायचो. इराने चमचा खाली टाकला तरी मी आधी दाराकडे बघायचो.

पुढच्या वर्षी बाबा गेले. नोम्साचा पाय प्लास्टरमध्ये होता, विमानात बसणं शक्य नव्हतं. तिने इथेच, घरी, त्यांच्यासाठी माणसं बोलवायचं ठरवलं. रविवारी दुपारी. आधी जिन्यात चिठ्ठी लावली. मग कुबड्या घेऊन दारोदार सांगत फिरली. आमच्या दारात उभं राहून म्हणाली, कोलोनहून माझा चुलतभाऊ येतोय, तो बाबांची बिरुदावली म्हणेल. आधी पूर्वज, मग आजोबा, मग स्वतः बाबा आणि त्यांनी केलेली कामं. हे हळू म्हणता येत नाही, पण दहा-पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे. मी म्हटलं, अगं, विचारतेस काय?

आम्ही तिघंही गेलो. भावाने सुरुवात केली — आणि तोच आवाज. बाबांचाच. सगळे माना खाली घालून ऐकत होते, आणि मी? मी बंद खिडक्यांकडे बघत होतो. पुन्हा कुणी तक्रार केली तर? खाली राहणाऱ्यांना कुठला आवाज कुठल्या मजल्यावरचा हे थोडंच कळतं? परदेशी माणसांचा गोंगाट म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे इंडियन, आधीच पत्र गेलेले.

मृणालच्या कानात “ऑफिसचा फोन” म्हणालो. रविवारी! आणि तळघरात गेलो, वॉशिंग मशीनपाशी.

मी पोलिसांना फोन केला.

झालं, सांगून झालं. नाही — अजून आहे. मी त्यांना मजला नीट सांगितला. तिसरा. दोनदा सांगितला, दुसरा समजू नयेत म्हणून. माझं नाव कुणाला सांगू नका म्हटलं. माझं जर्मन इतकं चांगलं त्याआधी कधी झालं नव्हतं.

मग तिथेच थांबलो. थोड्या वेळाने जिन्यात बूट वाजले, बेल वाजली. वरचा आवाज थांबला. संपला नाही, थांबला.

नंतर मृणालने सांगितलं. दोन पोलीस होते, बिचारे संकोचलेले. जरा हळू घ्या, एवढंच म्हणाले. भाऊ म्हणाला, हळू येत नाही मला. आणि खाली बसला. नोम्सा तिला म्हणाली, तोवर पूर्वज झाले होते, आजोबा झाले होते. बाबांचं नुकतंच कुठे सुरू झालं होतं. पाणी राहिलं, शाळेचा रस्ता राहिला.

मी वर गेलो तेव्हा नोम्साने मला दोन्ही हातांनी ताट दिलं. मी दोन्ही हातांनी घेतलं, आणि सगळं खाल्लं.

आठवड्याने ती जिन्यात भेटली. तिलाही तसलंच पत्र आलं होतं. माझ्यावर तिचा संशय नव्हता, उलट माझाच सल्ला घ्यायला आली होती. फ्राऊ हेग्ले असतील का? फ्राऊ हेग्ले म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या ऐंशी वर्षांच्या आजी. जिन्यातल्या बुटांवरून एकदा तिला बोलल्या होत्या. रविवारी त्या कानातलं मशीन काढून ठेवतात, कानांना सुट्टी देतात — हे त्यांनी मला स्वतः सांगितलंय. रणगाडा गेला तरी त्यांना ऐकू येणार नाही. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि मी म्हणालो, “हो... असतील.”

एवढंच. दोन शब्द.

त्यानंतर नोम्सा त्यांच्याशी बोलत नाही. जिना झाडायची पाळी सांगणारी पाटी आमच्याकडे दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते. पूर्वी नोम्सा ती घेऊन त्यांची बेल वाजवायची, दोघी दारात गप्पा मारायच्या. आता पाटी गुपचूप कडीला अडकवते आणि निघून येते. मागे आजींनी मला विचारलं, तिचं माझ्याशी काही बिनसलंय का? मी म्हटलं, नाही हो, तिला काम फार असतं. त्या म्हणाल्या, हं, तरुण माणसांना कामं असतातच. आणि झाडत राहिल्या.

गेल्या महिन्यात बाबांना जाऊन वर्ष झालं. नोम्साने फक्त आम्हाला बोलावलं. उकाडा मरणाचा, तरी सगळ्या खिडक्या बंद. भाऊ आला नव्हता. तिने बाबांच्या फोटोसमोर उभं राहून स्वतःच बिरुदावली म्हटली — कुजबुजत. जे हळू म्हणताच येत नाही ते ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, मधेच श्वास अडकत होता, शब्द गिळले जात होते. या वेळी पाणी आलं असेल, रस्ताही आला असेल. मला ऐकू आलं नाही.

इरा माझ्या मांडीवर होती. अडीच वर्षांची. आम्ही मराठीत बोललो तरी ती उत्तर जर्मनमध्येच देते. तिला काय वाटलं कोण जाणे, ती एकदम ओरडली, “लाउटर!” मोठ्याने म्हण.

नोम्सा हसली. ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट खाली जमिनीकडे दाखवलं. खालच्यांना त्रास होतो, बाळा.

तिला म्हणायचं होतं फ्राऊ हेग्ले. पण तिच्या जमिनीखाली आमचं घर आहे.

मी इराच्या तोंडावर हात ठेवला.